होटगीची मास्तरीण

रविवारी दुपारी दोनला, भांडी पालथी घातली
की मी होटगीला ड्यूटीवर जाते.
म्हणजे जिना चढून गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत,
जिथं रिटायर झाल्यावर सहा वर्षांत
ह्यांनी प्लायवूडवर बसवलंय
सोलापूर ते दुधनी.

डबे गाजूलमामांनी कोरले,
यंत्रमागाच्या मोडक्या धोट्यांतून;
नाक लावलं तर एखाद्याला अजून सुताचा वास येतो.
अक्कलकोट रोडची झाडं
म्हणजे माझा भांडी घासायचा काथ्या, हिरवा केलेला.
विचारून नेला नव्हता.

भिंतीवर वेगळं घड्याळ.
त्याचा तास दहा मिनिटांत होतो.
इथं मी दोन तास बसते
आणि बारा तासांची ड्यूटी करून खाली उतरते,
पाठ तेवढीच दुखते.

खेळ म्हणायचं नाही.
चिठ्ठीशिवाय वॅगन हलत नाही:
सिमेंट भरून होटगी साइडिंग, रिकामी परत
(सिमेंट म्हणजे रांगोळी, तीही माझ्याच डब्यातली).
आणि डबा हातानं उचलायचा नाही.
घसरला तर आधी फोन,
मग वहीत वेळ, मग चिमटा.
नातवानं एकदा अख्खं इंजिन उचलून बाळ्याला ठेवलं
तर हे अर्धा दिवस बोलले नाहीत त्याच्याशी.

हे स्वतः खोलीत येतच नाहीत.
खाली जिन्याच्या वळणावर बसतात, तक्ता मांडीवर,
मेलला तांबडी पेन्सिल, मालगाडीला निळी,
कानाला मंगळवार बाजारातला जुना फोन.
कंट्रोलवाल्याला गाडी दिसत नसते, म्हणतात.
बत्तीस वर्षं रात्रंदिवस गाड्या चालवल्या ह्यांनी,
एकही पाहिली नाही.

मीही नाही पाहिलं फारसं ह्यांना.
धाकटा झाला त्या रात्री
ह्यांच्या तक्त्यावर सात मालगाड्या उभ्या होत्या.
आठवी मी. मला कुणी लूपला घेतलं,
किती वाजता सोडलं,
कुठल्या वहीत नोंद नाही.

आता फोन वाजतो.
"व्हयनी, लाइन क्लियर देताव का न्हाई?"
टिकेकरवाडीहून इलियासभाई,
सगळी नोकरी गार्डाच्या डब्यात काढलेले.
मी म्हणते, थांबा.
खाली गॅसवर दूध आहे.
ते थांबतात. अठ्ठावन्न वॅगनी थांबतात.
दूध वर येतं, मी गॅस बंद करते,
हात पुसते, परत चढते,
मग देते नंबर: त्रेसष्ट.

मे महिन्यातल्या त्या रविवारी
त्रेसष्ट नंबर दिला
आणि वीज गेली.
पत्रा तव्यासारखा. पंखा बंद.
मालगाडी मध्येच कुठंतरी, माळावर,
रंगवलेल्या भुशाच्या मातीत उभी.
घड्याळ मात्र सेलवरचं, ते पळत राहिलं.
पाऊण तासात गाडी साडेचार तास लेट झाली.

इलियासभाई शर्टाची बटणं सोडून कठड्याशी गेले,
गाजूलमामा खाली माठाशी.
मला हाका मारल्या. मी उठले नाही.
नंबर मी दिला होता.
माझ्या शब्दावर एक गाडी अंधारात निघालेली,
ती पोचल्याचं कुणीतरी लिहायला हवं की.

आणि बरं का, तेव्हा मला थोडं थोडं कळलं
ते फोनवर नुसतंच "हूं" का म्हणायचे.
सगळं नाही कळलं.
सगळं माफ करायला मी काय देवी आहे.

जिन्यावर चपलांचा आवाज.
हे दारात, हातात पाण्याचा तांब्या,
घामानं बनियन अंगाला चिकटलेलं.
सहा वर्षांत पहिल्यांदा होटगीला आलेले.
उंबऱ्यावर थबकले, जसं काही सिग्नल आहे तिथं.
"येऊ का आत?"

मी वही पाहिली. घड्याळ पाहिलं.
म्हटलं, थांबा जरा.
सेक्शनमध्ये गाडी आहे.